मधुमेह, हाडें आणि मनाची उदासी

ज्या मासिकांत बियाणें, खतें, बांधबंदिस्ती आणि बाजारभाव यांची चर्चा वाचावयाची, त्यांत हाडें आणि मन यांचा विषय कोठून आला, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, शेतीचें पहिलें अवजार शेतकऱ्याचें शरीर होय. नांगर मोडला तर लोहार आहे, बैल गेला तर बाजार आहे. परंतु धन्याचें शरीर मोडलें आणि त्याबरोबर मनही खचलें, तर काळी कसदार जमीन असूनही ती पडीक पडते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून या विषयास येथें थोडी जागा मागत आहों.

आम्ही वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि सारा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. मात्र गेलीं नऊ वर्षें आम्हांस स्वतःस मधुमेह आहे, आणि कागद वाचून त्यांतील खरें-खोटें निवडण्याची संवय नोकरीनें लावली आहे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हां या रोगाविषयीं जें जें समजून घेतां आलें, तें साध्या भाषेंत मांडीत आहों.

आमच्या जिल्ह्यास अवर्षण नवें नाहीं. २०१२-१३ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच २०१४ व २०१५ हीं दोन वर्षें लागोपाठ कोरडीं गेलीं. त्या काळांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणांचे कागद आमच्या टेबलावरून जात. सातबारा कोणाच्या नांवें, कर्ज कोणत्या बँकेचें, थकबाकी किती, वसुलीचा तगादा होता काय, हें सर्व पाहून प्रकरण पात्र कीं अपात्र तें ठरे. आणि पात्र ठरल्यास वारसांस एक लाख रुपयांची मदत मिळे. आम्हीं ते कागद शेंकड्यानें उतरून काढले. परंतु मयतास कोणता जुनाट आजार होता, त्याची झोंप कशी होती, तो चारचौघांत बोलत होता कीं महिना महिना गप्प होता, हें त्यांत क्वचितच आढळे. कर्जाचा आंकडा पैशापैशानें लिहिलेला. मनाचा हिशेब मात्र कोरा. तो कोरा कागद अजून आमच्या डोळ्यांसमोरून हालत नाहीं.

आतां घरचीच गोष्ट सांगतों. आमचे एक चुलतबंधू लोहारा तालुक्यांत राहतात. वय बासष्ट, जमीन चौदा एकर, विहिरीस पाणी बेताचें. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होण्यापूर्वीं जो भूकंप झाला, त्यांत लातूर आणि आमचा जिल्हा मिळून हजारों माणसें गेलीं. सास्तूर आणि आसपासच्या गांवांचे दगडी वाडे मातींत मिळाले. आमच्या बंधूंचें घरही बसलें. आम्ही तेव्हां नोकरींत नवखे होतों. पंचनाम्याच्या निमित्तानें तेथें गेलों, तर हा मनुष्य कोरड्या डोळ्यांनीं दगड उपसत होता. पुढें त्यांनीं घर बांधलें, मुलांचीं लग्नें केलीं, तीन दुष्काळ काढले. कोणाजवळ कधीं रडल्याचें ऐकिवांत नाहीं. बारा वर्षांपूर्वीं त्यांस मधुमेह निघाला.

तीन वर्षांपूर्वीं ऐन सुगीच्या दिवसांत आम्ही त्यांच्याकडे गेलों, तर ते ओसरीवर भिंतीस टेकून बसलेले. आम्हीं विचारलें, “आबा, रानांत गेलां नाहींत?”

“कशाला जावं, तात्या? रान कुठं पळून चाललंय व्हय?”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या खाऊन कुणाचं भलं झालंय? साखरेनं अंगातलं पाणी काढलं बघ. बाकी काय न्हाई.”

वहिनींनीं आम्हांस आंत बोलावून हलक्या आवाजांत सांगितलें, “भावजी, हे रात्री तीनलाच उठून बसत्यात. ताट वाढलं की सरकवत्यात. गोळी मीच बळंबळं देते.” आम्हीं तें ऐकलें, आणि “साखर वाढली कीं असा थकवा येतोच,” असें शहाणपणानें सांगून परत आलों. तें आमचें चुकलें. दोन महिन्यांनीं निरोप आला. सकाळीं गोळी घेतली, भाकरीचा तुकडाही खाल्ला नाहीं, आणि विहिरीकडे जातांना डोळ्यांपुढें अंधारी येऊन आबा बांधावरून खालीं पडले. बांध अवघा कमरेएवढा उंच. तरी खुब्याचें हाड मोडलें.

उदासीमुळें अन्न सुटलें, अन्नाविना घेतलेल्या गोळीनें रक्तांतील साखर एकाएकीं खालीं गेली, त्यानें तोल गेला आणि हाड मोडलें. मन, साखर आणि हाड या तीन गोष्टी आम्ही तीन निराळ्या खात्यांत लिहीत होतों. त्या एकाच खात्याच्या आहेत हें तेव्हां प्रथम ध्यानांत आलें.

मधुमेह आणि मनाचें दुःख यांचा संबंध कांहीं आजचा नाहीं. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत प्रमेहाचें वर्णन आहे आणि बैठें, आळसावलेलें जीवन हें त्याचें एक कारण म्हणून सांगितलें आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील थॉमस विलिस या वैद्यानें दीर्घकाळच्या शोकामुळें हा रोग होतो असें लिहून ठेविलें. आजच्या शास्त्रानें त्यांत भर घातली ती अशी कीं, ही वाट दोन्ही बाजूंनीं चालते. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या सुमारें दुप्पट आढळतें. उलट, ज्यांस नैराश्य आहे त्यांस पुढें मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. २००८ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलें, तेव्हां हा अधिक संभव शेंकडा ६० च्या घरांत भरला. आणि हा रोग आतां शहरी सावकारांचा राहिला नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें देशांत सुमारें १० कोटी लोकांस मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबऱ्यावर उभे आहेत.

असें कां व्हावें? पहिलें कारण कोणासही समजेल असें आहे. रोज गोळी, रोज पथ्य, दर महिन्यास तपासणी, गोडाच्या पंगतींत बसून गोड न खाणें, आणि इतकें करूनही आंकडा वर गेला कीं डॉक्टरांचे बोल: या ओझ्यानें माणूस थकतो. दुसरें कारण शरीरांतलें आहे. संकट आलें कीं मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत सुटतो. तो साखर वाढवितो. कारण लढावयाचें किंवा पळावयाचें तर स्नायूंस इंधन पाहिजे. रानडुक्कर अंगावर आलें असतां हें फार उपयोगाचें. परंतु ज्याचें संकट चार महिने न पडणारा पाऊस आहे, किंवा बँकेची नोटीस आहे, तो पळणार कोठें? त्याचा कॉर्टिसॉल महिनोन् महिने चढाच राहतो, आणि त्याबरोबर साखरही. आणखी एक गोष्ट निश्चित आहे: हा रस दीर्घकाळ अधिक राहिला कीं हाड बांधण्याचें काम मंदावतें.

येथें हाडांची गोष्ट सुरू होते. हाड म्हणजे वाळलेलें लाकूड अशी आपली समजूत असते. तें खरें नव्हे. माणसाच्या अंगांत २०६ हाडें, आणि तीं सर्व जिवंत. त्यांत एक टोळी जुनें हाड खणून काढते, दुसरी त्या जागीं नवें भरते. बांधाची डागडुजी वर्षभर चालावी तसें. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दर वर्षीं असा नवा होतो. या बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नांवाचें एक द्रव्य तयार करितात. १९७० नंतरच्या दशकांत तें ओळखलें गेलें, तेव्हां तें हाडाच्या चुन्यापुरतेंच आहे असें वाटे. त्याचा बराचसा भाग हाडांतच राहतो, परंतु कांहीं रक्तांत उतरतो. आणि हाड खणलें जातांना जें सुटतें, तेंच दूरच्या अवयवांस निरोप नेतें असें पुढें मांडण्यांत आलें. एका अवयवानें रक्तांतून दुसऱ्यास निरोप धाडणें, यासच संप्रेरक किंवा हॉर्मोन म्हणतात. स्वादुपिंडाचें इन्सुलिन जसें, तसेंच हें हाडाचें.

२००७ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत जेरार्ड कारसेंटी आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, ज्या उंदरांत ऑस्टिओकॅल्सिन मुळींच नाहीं ते लठ्ठ होतात, त्यांची साखर चढते, आणि इन्सुलिन कमी स्रवतें. पुढें २०१३ सालीं त्यांच्याच मंडळीनें सांगितलें कीं, असे उंदीर भित्रे आणि खिन्न असतात, त्यांस वाट लक्षांत राहत नाहीं. शिवाय आईच्या हाडांतील हें द्रव्य वारेंतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोंचतें. २०१९ सालीं तिसरी गोष्ट निघाली. भय उत्पन्न झाल्यावर थोड्या मिनिटांतच रक्तांतील ऑस्टिओकॅल्सिन वाढतें, आणि शरीरास शांत ठेवणारी जी मज्जासंस्था, तिचा लगाम तें ढिला करितें. म्हणून छाती धडधडते, श्वास वाढतो. माणसांस चारचौघांपुढें भाषण करावयास लावून त्यांचें रक्त तपासलें, तेव्हांही तें वाढलेलें आढळलें. म्हणजे भीतीच्या वेळीं “हाडें थरथरलीं” असें आपण म्हणतों, त्यांत केवळ अलंकार नसावा.

इतकें वाचून कोणासही वाटेल कीं, आतां हाडाच्या या रसाची गोळी निघावी आणि मधुमेह व उदासी दोन्ही एकदम जावीं. परंतु आम्ही दप्तरांतले मनुष्य. फेरफाराची नोंद धरली म्हणजे ती मंजूर झाली असें होत नाहीं. नोटीस निघते, हरकत येते, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत सातबारा बदलत नाहीं. येथेंही तसेंच झालें. २०२० सालीं दोन स्वतंत्र मंडळींनीं, एक अमेरिकेंत व एक जपानांत, ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्यानें तयार केले. त्यांची साखर साधारणच निघाली, प्रजोत्पत्तींतही कांहीं बिघाड दिसला नाहीं. जुनी नोंद खरी कीं नवी हरकत खरी, याचा वाद चालू आहे.

माणसांतील पाहण्यांतही असाच पेंच आहे. मोठेपणीं होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत रक्तांतील ऑस्टिओकॅल्सिन इतरांपेक्षां कमी असल्याचें अनेक ठिकाणीं आढळलें आहे. परंतु तें कमी झालें म्हणून साखर चढली, कीं साखर चढल्यामुळें हाड बांधणारी टोळी सुस्त होऊन तें कमी झालें? पीक पिवळें पडलें तें पाणी कमी म्हणून, कीं मुळास कीड लागली म्हणून, हें वरच्या पानावरून सांगतां येत नाहीं. रोप उपटून पाहावें लागतें. खिन्नता आणि मानसिक ताण यांचेंही तसेंच. कॉर्टिसॉल वाढला कीं ऑस्टिओकॅल्सिन उतरतें हें नक्की. मग कमी झालेलें तें द्रव्य खिन्नतेचें कारण, कीं ताणाची केवळ खूण, हें माणसांत अद्याप ठरलेलें नाहीं. यास्तव कोणी हाडाच्या संप्रेरकाची महागडी तपासणी करावयास सांगितली, किंवा त्याच्या नांवानें डबा विकावयास आणला, तर आमच्या बंधूंनीं खिशास हात घालूं नये. त्या तपासणीच्या आंकड्यावरून आज मधुमेहाचा किंवा नैराश्याचा उपचार ठरत नाहीं.

तथापि हाडांविषयीं ज्या गोष्टी निर्विवाद आहेत, त्या प्रत्येक मधुमेह्यानें जाणाव्या. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत हाडाची घनता मोजली तर ती पुष्कळदां ठीक, किंबहुना अधिकच भरते; तरी हाड मोडण्याचा संभव मात्र वाढलेला असतो. याचें कारण, जुनें हाड बदलण्याचें काम मंद पडतें आणि वाढलेली साखर हाडांतील तंतूंस चिकटून त्यांस ठिसूळ करिते. भिंत जाड दिसते, पण आंतली माती भुसभुशीत. त्यांत पायांचा बधिरपणा, मंद झालेली दृष्टि, आणि अचानक साखर उतरून येणारी भोवळ यांची भर पडली कीं माणूस पडतो. आणि पडला कीं मोडतो. आबांचें नेमकें हेंच झालें.

हाडाचीं आणखी दोन संप्रेरकें सांगून हा भाग पुरा करितों. स्क्लेरोस्टिन हें हाडाच्या आंत रुतून बसलेल्या पेशींचें द्रव्य. तें नव्या बांधकामास आळा घालतें. मधुमेह्यांत तें वाढलेलें आढळतें. मात्र हाडावर भार पडला, म्हणजे चाललें, चढलें, ओझें उचललें, कीं तें उतरतें आणि बांधकामास मोकळीक मिळते. दुसरें एफ-जी-एफ २३. तें मूत्रपिंडांस फॉस्फरस बाहेर टाकावयास सांगतें. मधुमेहानें मूत्रपिंडें बिघडूं लागलीं कीं हें फार लौकर वाढूं लागतें. यावरून बैठक मोडणें आणि मूत्रपिंडांची तपासणी वेळेवर करणें या दोन गोष्टींचें महत्त्व ध्यानांत येईल.

आपल्या महाराष्ट्रांतील एका कामाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची पाहणी सुरू केली, आणि जन्मलेल्या मुलांचा माग पुढें वर्षानुवर्षें ठेविला. तेथील बालकाचें जन्माचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथील बालकाचें ३.५ किलो. परंतु आपलें बालक हलकें असूनही त्याच्या अंगांत मांस कमी आणि चरबी त्या मानानें अधिक. म्हणूनच सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांसही मधुमेह लौकर धरतो. याच खेड्यांतील निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलें. हें जीवनसत्त्व दूध, दही, अंडीं, मांस, मासे यांतून मिळतें. धान्यांत व भाजींत तें नाहीं. आतां आमच्या विषयाशीं याचा संबंध असा कीं, मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही जी सर्वांत प्रचलित गोळी, ती वर्षानुवर्षें घेतल्यास कित्येकांत ब-१२ उतरतें. तें उतरलें कीं पायांस मुंग्या येतात, विसर पडतो, थकवा येतो आणि मनही उदास होतें. म्हणून गोळी बंद करूं नये, ती उत्तम आहे. परंतु दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यानें डॉक्टरांस विचारून ब-१२ अवश्य तपासून घ्यावें. कित्येकदां ज्यास आपण मनाचा रोग किंवा “साखरेचा थकवा” म्हणतों, त्याचा एक वांटा येथें सांपडतो, आणि त्याचा उपाय स्वस्त आहे.

आतां आबांकडे परत येऊं. शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं खाटेजवळ स्टूल ओढून त्यांस दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कामांत, बोलण्यांत, कशांतच गोडी वाटेनाशी झाली आहे काय? मन उदास, निराश राहतें काय? आम्हांस वाटलें, आबा हंसून टाळतील. ते छताकडे पाहत राहिले, आणि मग जो हुंदका आला तो थांबेना. भूकंपांत गेलेल्या धाकट्या बहिणीचें नांव आम्हीं त्यांच्या तोंडून तीस वर्षांनीं प्रथम ऐकलें. “तात्या, मला वाटायचं, आपण गेलो तर घरच्यांचा औषधाचा खर्च तरी वाचंल,” असें ते म्हणाले. आम्ही सरकारी कागदांत अशा माणसांचीं नांवें लिहीत आलों, आणि आमच्याच घरचें नांव त्या यादीच्या किती जवळ गेलें होतें, हें त्या क्षणीं कळलें.

पुढें मनोविकाराच्या डॉक्टरांकडून गोळ्या सुरू झाल्या, आणि दर पंधरवड्यास एका समुपदेशकाशीं बोलणें ठरलें. गोळीचा गुण यावयास चार-सहा आठवडे गेले. मध्यंतरीं “उपयोग नाहीं” म्हणून सोडावयास निघाले होते, वहिनींनीं सोडूं दिली नाहीं. साखरेची गोळी बदलली. काठी घेऊन अंगणांत, मग ओढ्यापर्यंत, मग रानापर्यंत चालणें सुरू झालें. तीन महिन्यांची सरासरी साखर जी साडेदहा होती, ती वर्षानें साडेसातावर आली. यांत हाडाच्या संप्रेरकाचा वांटा किती, हें कोण सांगणार? जेवण वेळेवर, गोळी नेमानें आणि पाय चालते झाले, एवढें तर आमच्या डोळ्यांपुढें झालें. आज आबा लंगडतात. परंतु गेल्या रब्बींत शाळूची राखण त्यांनींच केली.

या सर्वांतून वाचकांनीं घरीं काय न्यावें, तें थोडक्यांत सांगतों. घरांत मधुमेही असेल तर साखर विचारतां तशी झोंप, भूक आणि गोडीही विचारा. वर सांगितलेले दोन प्रश्न पाठ करून ठेवा. त्यांस पैसा लागत नाहीं. उत्तर दोन आठवडे सतत “होय” असेल, तर तो आळस नव्हे, भोग नव्हे कीं कोणाची करणी नव्हे. तो आजार आहे आणि त्यास उपचार आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांसच तें सांगावें, म्हणजे ते पुढें धाडतील. जेवण सुटलें असेल तर गोळीचें काय करावें, हें त्यांस आधींच विचारून ठेवावें. उपाशीपोटीं गोळी देऊं नये. घाम, थरथर, भोवळ आली तर तत्काळ साखर किंवा गूळ द्यावा, आणि मधुमेह्यानें रानांत जातांना खिशांत त्याची पुडी ठेवावी.

मोटारसायकल बांधापर्यंत न नेतां रोज अर्धा तास तरी पायीं चालावें. जमीन ठोक्यानें लावून ओसरीवर बसणें हें मधुमेह्यास विषासारखें. चालण्यानें साखर उतरते, हाड घट्ट होतें आणि मनासही उभारी येते; एका खर्चांत तीन पिकें. जुने जोडे टाकावे, रात्रीं अंगणांत दिवा ठेवावा, डोळे तपासावे, म्हणजे पडणें टळेल.

आणि जो माणूस “जगून काय उपयोग” अशी भाषा बोलूं लागला, त्याची थट्टा करूं नये, त्यास उपदेशही करूं नये. शेजारीं बसून ऐकावें, एकटें सोडूं नये. फवारणीचीं औषधें कुलपांत ठेवून किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी. २०१५ सालीं आमच्या जिल्ह्यांत आणि यवतमाळांत बळीराजा चेतना अभियान निघालें, शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठीं प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यायोगें हा विषय प्रथमच चावडीपर्यंत आला. २०२२ च्या ऑक्टोबरापासून केंद्र शासनाचा टेलि-मानस हा फोन आहे. त्याचा क्रमांक १४४१६. अहोरात्र चालतो, पैसे पडत नाहींत, आणि मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक सोसायटीच्या फळ्यावर, दूध संकलनाच्या केंद्रावर आणि औषधाच्या दुकानावर ठळक लिहावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.

हाडाच्या रसाची नोंद मंजूर होवो कीं नामंजूर होवो, तिचा निकाल विद्वान लावतील. आमचें काम त्याआधींचें आहे. पुढच्या वेळीं कोणी ओसरीवर भिंतीस टेकून बसलेला दिसला, तर “साखर वाढली असेल” असें म्हणून आम्हीं केलें तसें परतूं नका. खालीं बसा, आणि दुसरा प्रश्न विचारा.